गाईचं रवंथ

झेरॉक्सचा ऊन ऊन कागद हातात आला, की मला उदगीरच्या पशुवैद्यक कॉलेजातली एक दुपार आठवते. उन्हाळ्यातल्या देवणी जातीच्या गाईंवरची माझी असाइनमेंट मॅडमनी परत केली. ती नुसत्या शोधनिबंधांतल्या उताऱ्यांनी भरली होती. “कागद ठेव, डोळे मिट. आता तुमच्या घरच्या गाईचं सांग,” त्या म्हणाल्या. मी डोळे मिटले. खिडकीबाहेर कडुलिंब सळसळत होता. “उन्हात ती आमच्या दारच्या लिंबाच्या सावलीला बसती, मॅडम. धापा टाकती, पण रवंथ थांबत न्हाई.” “निबंधांत याबद्दल काय हाय?” मॅडमनी विचारलं. मी झेरॉक्स काढलेले सगळे निबंध पुन्हा चाळले. गाईचे श्वास सगळ्यांनी मोजले होते. रवंथाबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं. मॅडम हसल्या, “मग इथून लिही.” अजूनही शोधनिबंध वाचता वाचता माझे डोळे मिटतात, आणि लिंबाखाली आमची गाय सावकाश रवंथ करत असते.