पाणी थापटायची खोड

सावित्री नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला एक खोड असते. पाण्यात उतरण्याआधी तो तळहाताने पाणी थापटतो. आसपास मगर असलीच तर बाजूला होते म्हणे. ताईने मला हे शिकवलं तेव्हा मी सात वर्षांची होते. आता पन्नाशी उलटली, महाडच्या शाळेत शिकवून शिकवून केस पांढरे झाले, तरी हात काही सुधारला नाही.

ताई पोलादपूरला असते. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने मिटत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी जपा. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मला डॉल्फिन बघायचाय गो. जवळून. टीव्हीत नाय." म्हणून जानेवारीत आम्ही मालवणला गेलो, डायव्हिंगची बोट ठरवली. मी पाण्यात उतरायचं, ताईने लाइफ जॅकेट घालून बोटीच्या कडेला बसायचं.

सकाळचा समुद्र साय धरलेल्या दुधासारखा गप्प होता. बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि हाताने खूण केली. करड्या पाठी, आधी दोन, मग तिसरी, सावकाश आमच्याकडेच येत होत्या. ताई पुढे वाकली. "कुठं गो, कुठं?" मी शिडीवरून उतरत होते, आणि माझ्या मेल्या हाताने नेमकं तेव्हाच पाणी थापटलं. तीनदा. पाठी बुडाल्या त्या बुडाल्याच. स्वतःचा इतका राग आला की रडू फुटलं. ताई पाण्याकडे बघत राहिली.

"उतरा तुम्ही, मॅडम," बोटवाला म्हणाला. "नुसतं तरंगत राहा."

मास्क लावून, तोंड पाण्यात घालून मी पडून राहिले. हिरवट उजेड, आणि माझाच श्वास. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून ते आले. एक पिल्लू आईच्या पोटाशी चिकटून होतं. आईने कूस बदलली आणि एका डोळ्याने माझ्याकडे निवांत पाहिलं. मी त्यांच्या बाजूने थोडी पोहले. माझ्यासाठी ते हळू झाले, असं आपलं मला वाटलं. ऊर भरून आला, आणि तेवढ्यात वर बसलेली ताई आठवली. पण ते खालच्या खालीच निघून गेले. वर आले ते खूप लांब, ताईच्या नजरेपलीकडे.

परतीच्या एसटीत कशेडी घाट येईपर्यंत ती विचारत होती आणि मी सांगत होते. डोळा केवढा, पिल्लू कुठल्या अंगाला, रंग कसा.

परवा तिच्याकडे गेले तर शेजारणी जमल्या होत्या. ताई सांगत होती, "हात लांबवला असता तर लागले असते. पिल्लू डाव्या अंगाला. आईने अस्सं बघितलंन माझ्याकडं." मी दारातच थांबले. तिच्या सांगण्यात मीही होते, शिडीवर उभी. पण पाणी मी थापटलंच नव्हतं.