कात्रणाची मागची बाजू

वर्तमानपत्र उभं फाडलं तर सर्रकन सरळ फाटतं. आडवं फाडलं तर कुरकुरतं आणि वाकडं जातं. जळगावात रद्दीच्या दुकानावर कामाला लागलो, त्या दिवशी शेठ पाठमोरे बसून पुड्यांसाठी कागद फाडत होते. तो सर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. शेठ गेले, दुकानही गेलं.

किस्सेसुद्धा रद्दीसारखेच साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण एक दिवस मान वर करावी तर गठ्ठा छताला टेकलेला असतो. हल्ली ऐकायला कोणी फारसं येत नाही. तुम्ही बसलाच आहात, तर दोनचार गठ्ठे सोडतो.

*

आमची तिघांची कात्रण कंपनी होती. हे नाव समोरच्या चहावाल्यानं ठेवलं. मी चौथी शिकलेला, तागडीवर बसणारा. दुसरे सुकलाल नाना, टॉकीजचे डोअरकीपर. तिसरा दगाभाऊ, मूळचा साक्रीकडचा, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. रविवारी तिघं दुकानात बसायचो आणि आलेल्या रद्दीतून कामाचं काढायचो. कामाचं म्हणजे काय, ते ठरलेलं नव्हतं. नटीचा फोटो, कविता, नव्या पिक्चरची जाहिरात, दोन डोक्यांचं वासरू, कुठल्या तरी लेखकाची मांजर. आवडलं की कापायचं.

नाना बावीस वर्षं टॉकीजच्या दारावर उभे होते, पण त्यांनी एकही पिक्चर अख्खा पाहिला नव्हता. लोकांना आत सोडताना सुरुवात दिसायची आणि दार उघडताना शेवट. मधलं सगळं ते रद्दीतून गोळा करायचे. एकदा दगाभाऊनं त्यांना एका पिक्चरची मधली गोष्ट पूर्ण सांगितली. खून, कोर्ट, हरवलेला भाऊ, सगळं.

नाना शांतपणे म्हणाले, "एवढी भानगड होती? मला तर वाटलं, सुखी कुटुंब आहे."

*

कात्रणं वह्यांत चिकटवायची खळ दगाभाऊ करायचा. मैदा शिजवायचा आणि कागदाला कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद, ते निळं विष, टाकायचा. खळ निळसर दिसायची आणि औषधाच्या बाटलीत असायची. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी तशीच चिकटलेली.

नानांना खोकला झाला होता. त्यांनी बाटली हलवली, बूच काढलं.

दगाभाऊ ओरडला, "नाना, ठेव ती! त्यामा मोरचूद शे!"

नानांनी बाटली खाली ठेवली. म्हणाले, "तरीच म्हटलं, तुमच्या डॉक्टरचं औषध आज इतकं घट्ट कसं?"

*

एका घरची रद्दी दर दोन महिन्यांनी यायची. घर कोणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही, गडी आणून टाकायचा. त्या घरातलं कोणीतरी प्रत्येक नटीला निळ्या पेनानं मिशा काढायचं. आमचे चांगले चांगले फोटो वाया जायचे. नाना तर चिडून म्हणायचे, "हा सापडला तर त्याची अर्धी मिशी भादरतो."

मग एकदा गठ्ठा आला, त्यात मिशा नव्हत्या. पुढच्याही गठ्ठ्यात नव्हत्या. त्याऐवजी शब्दकोडी सोडवलेली. आडवे शब्द निळ्या शाईत, उभे हिरव्या.

"लग्न झालं मिशीवाल्याचं," नाना म्हणाले.

पुढे सहासात वर्षं निळी-हिरवी कोडी आली. एखाद्या कोड्यात हिरव्यानं निळ्याची चूक खोडलेली असायची, तेव्हा आम्ही तिघं हसायचो. मग एका पावसाळ्यानंतर नुसती निळी आली. आडवे शब्द भरलेले, उभ्यांची घरं रिकामी.

त्या रविवारी आम्ही काही कापलं नाही.

*

धुळ्याला दगाभाऊचा मेहुणा एका वाचनालयात शिपाई होता. त्यानं हॉल मिळवून दिला आणि आम्ही कात्रणांचं प्रदर्शन लावलं. वह्या कोण उघडून बघणार, म्हणून सुटी कात्रणं दोरीवर चिमटे लावून टांगली, धुतलेल्या कपड्यांसारखी. वर पंखा. पंखा लागला आणि सगळी कात्रणं गरकन फिरली.

लोक आले आणि मागच्या बाजू वाचत बसले. नटीच्या मागे कांद्याचे भाव होते, कवितेच्या मागे मूळव्याधीची जाहिरात. एक गृहस्थ पाऊण तास एकाच कात्रणापुढे उभे होते. नानांना वाटलं, रसिक भेटला. जवळ जाऊन पाहिलं तर ते स्थळाचा पत्ता उतरवून घेत होते.

नाना हळूच म्हणाले, "साहेब, पेपर पाच वर्षांपूर्वीचा आहे. त्या मुलीची मुलं शाळेत जात असतील."

गृहस्थांनी पत्ता पूर्ण लिहिला आणि खिशात घातला. "चौकशी करायला काय जातं?"

परत येताना एसटीत आम्ही ठरवलं, यापुढे एकही कात्रण सुटं ठेवायचं नाही. मागची बाजू कोणाला दिसताच कामा नये. आठवडाभरात होतं नव्हतं ते सगळं वह्यांत पक्कं चिकटवलं. दगाभाऊनं त्यासाठी खास घट्ट खळ केली.

*

आता शेवटचा सांगतो. हा मी नानांनाही सांगितला नव्हता.

असोद्याहून सुमनबाई यायच्या, दर शनिवारी. बाजार झाला की पिशवी घेऊन दुकानात. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचे मालक एका साप्ताहिकातली गोष्ट त्यांना वाचून दाखवायचे, दर आठवड्याला एक भाग. एका बाईचा नवरा मुंबईला जातो आणि ती गावात वाट बघते, अशी गोष्ट. शेवटचा भाग राहिला आणि मालक वारले. तो अंक घरात आलाच नाही.

"तिचा तो परत येते का नाही, एवढंच मले पाह्यजे, भाऊ," त्या म्हणायच्या.

मी शोधायचो. सापडेपर्यंत रिकामं कसं बसायचं, म्हणून रद्दीतलं दुसरं काही वाचून दाखवायचो. मी बोट ठेवून वाचणारा माणूस, एका पानाला चहा गार व्हायचा. त्या घाई करायच्या नाहीत. कधी म्हणायच्या, "त्यायचं वाचनं लई जोरात राहे. तुमचं बरं, समजते." दोन वर्षं असं चाललं. माझी बायको जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. शनिवारी मी धुतलेला सदरा घालायला लागलो होतो, हे चहावाल्याच्या लक्षात आलं होतं.

एके दिवशी वही उन्हात टाकली होती, पानं दमट झाली म्हणून. एका नटीच्या फोटोतून पलीकडची अक्षरं उलटी दिसत होती. वाचायला वेळ लागला. गोष्टीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, अंतिम भाग.

मीच कापलेला फोटो. मीच चिकटवलेला.

दोन शनिवार मी सुमनबाईंना काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, शेवट मिळाला की त्या यायच्या बंद होतील, हेच मनात होतं. तिसऱ्या आठवड्यात मात्र मला माझीच लाज वाटली. वहीचं पान कोमट पाण्यात भिजवलं. दगाभाऊची खळ! फोटो सुटला, पण मागची अक्षरं सगळी लगदा होऊन वहीलाच राहिली. हातात आलेल्या फोटोची मागची बाजू निळसर, कोरी. एक शब्दही लागत नव्हता.

तरी शनिवारी मी म्हणालो, "सापडला."

त्या गठ्ठ्यावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, पदर नीट केला. मी तो कागद एका हातानं डोळ्यांसमोर धरला आणि आठवडाभर मनात जुळवलेलं वाचायला लागलो. बोट ठेवून, नेहमीसारखंच हळू. संध्याकाळची गाडी फाट्यावर थांबली. ती बाई दारात उभी होती. गाडीतून एक माणूस उतरला, त्याच्या हातात पत्र्याची पेटी होती.

"तोच व्हय?" सुमनबाईंनी विचारलं.

"तोच," मी म्हणालो.

मी कागदावरून वर पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कागदाच्या त्यांच्याकडच्या बाजूकडे बघत होत्या. तिकडे नटीचा फोटो होता. डोकं खाली, पाय वर.

त्यांनी हात पुढे केला. कागद माझ्या हातातच फिरवून सरळ केला. मग पिशवी उचलली आणि असोद्याच्या गाडीकडे चालायला लागल्या.