फळ्यावरचा पाऊस

भिवा घाडीचं अक्षर इतकं देखणं होतं, की त्या अक्षरात कुणी शिवी लिहिली असती तरी लोकांनी ती पुन्हा पुन्हा वाचली असती. मिलच्या फोल्डिंग खात्यात कापडाच्या गाठींवर नंबर रंगवण्यात त्याची उमर गेली. ब्याऐंशी साली संप झाला, गाठी बंद पडल्या, आणि लालबागच्या नाक्यावरचा संपकऱ्यांच्या कमिटीचा फळा त्याच्या हाती आला. रोज संध्याकाळी तो खडू घेऊन उभा राहायचा. पण अर्धा पावसाळा सरला तरी संप मिटेना, तेव्हा लिहिणार तरी काय? 'संप चालू आहे. एकजूट राखा.' कालही तेच, आजही तेच. मग गणपतीनंतर त्यानं खाली उरलेल्या जागेत रेडिओवर ऐकलेला कोकणच्या हवामानाचा अंदाज लिहायला घेतला.

आणि गंमत अशी, की माणसं फळा खालून वर वाचायला लागली. आधी कोकणचा पाऊस, मग संप. यात नवल काहीच नव्हतं. पगार बंद होता, किराणावाल्यानं तोंड फिरवलं होतं. वर्षभर पोटाला आधार तो गावच्या भाताचा. ते भात कापणीपर्यंत उभं राहतं की परतीच्या पावसात आडवं होतं, एवढाच काय तो सवाल. भिवाचं स्वतःचं शेत भाऊबंदकीत कधीच गेलं होतं. त्याला पावसाचा ना नफा ना तोटा, आणि म्हणूनच लोकांचा त्याच्यावर भरवसा होता.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात रेडिओनं सांगितलं, की येत्या चार-पाच दिवसांत कोकणात बऱ्याच ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडण्याची शक्यता आहे. भिवा खडू घेऊन निघाला, तोच कमिटीचा जगदीश आडवा आला.

"आज हवामान नको, भिवा. शुक्रवारी मोर्चा आहे. हे वाचलं तर अर्धी चाळ रातोरात एस्टीत बसेल."

"रेडिओवर सांगितलं ना रे."

"सांगू दे. शनिवारी लिही."

"शनिवारपर्यंत भात पाण्यात. मग लिहून काय करू, पूजा?"

जगदीश वाईट माणूस नव्हता. मोर्चात माणसं कमी दिसली तर मालक हसतील, ही त्याची भीती खरीच होती. पण भिवाला पाऊस दडवून ठेवणं जमेना. त्यानं ठळक अक्षरात अंदाज लिहिला. शेजारच्या खोलीतला महादेव आणि त्याची बायको मंजुळा यांचं कणकवलीकडे थोडं भात होतं. महादेवनं फळा वाचला आणि त्याच रात्री पिशवी उचलली. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले.

शुक्रवारचा मोर्चा बघवत नव्हता. आणि कोकणात? टिपूससुद्धा नाही! ढग समुद्रावरच्या समुद्रावर निघून गेले. घाईघाईत कापलेलं भात अर्धं हिरवं निघालं. कांडलं तर तांदूळ कमी आणि कणीच जास्त. महादेवनं वरचा एक कोपरा कापला, निरभ्र आभाळ बघून बाकीचं पिकायला उभं ठेवलं आणि परत आला. भिवानं मात्र हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. "मालकानं किती दिले रे पावसाचे?" नाक्यावर कुणीतरी विचारलं. भिवाला ते फार लागलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. हवामान लिहायचं नाही, असं जगदीशनं सर्वांसमोर बजावलं.

दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली आणि रेडिओ पुन्हा तेच बोलला. कोकण, मेघगर्जना, बऱ्याच ठिकाणी. रेडिओ बंद करून झोपून जावं, असं भिवाच्या मनात येऊन गेलं. कोण विचारणार होतं? तरी उठून त्यानं फळ्यावर लिहिलं. कुणीतरी ते पुसलं. त्यानं पुन्हा लिहिलं आणि सरळ महादेवच्या दारात गेला.

"महादेवा, आजच्या आज जा. पाया पडतो तुझ्या."

महादेव खो खो हसला. "तुझो पाऊस रेडिओतच पडता रे! एस्टीचा भाडा काय तुझो बापूस देतलो?"

मंजुळा चुलीपाशी होती. ती हसली नाही. महादेव गेला नाही. चाळीतलं कुणीच गेलं नाही.

पाऊस आला. दिवसरात्र धो धो आला. गावाहून आलेल्या माणसानं सांगितलं, की महादेवचं सगळं भात आडवं झालं, पाण्यात कुजलं, दाण्यांना मोड आले. ऐकून महादेव जिन्यात बसला तो उठेचना. भिवा खरा ठरला होता, आणि त्याला आपलीच लाज वाटत होती. देवानं नको तेव्हा खोटं पाडलं, आणि नको तेव्हाच खरं केलं.

आता मात्र फळ्यापाशी पुन्हा गर्दी. जगदीशचाही सूर बदलला. "तुझं लोक मानतात आता," तो म्हणाला. "लिही, दिवाळीनंतर मिल चालू होणार."

"कुठल्या रेडिओवर सांगितलं?" भिवानं विचारलं. जगदीश पाठ फिरवून निघून गेला.

संध्याकाळी मंजुळा दारात आली. ती शिव्या घालणार, असं भिवाला वाटलं. घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"भावोजी, तुमचो पाऊस खरो ठरलो," ती म्हणाली. "आता माका एक सांगा. संप कधी मिटतलो?"

आभाळाबद्दल बोलायचं तर भिवाकडे 'शक्यता आहे', 'काही ठिकाणी' असे शब्द होते. पदर मुठीत धरून उभ्या राहिलेल्या बाईला त्यातला एकही देता येईना. गेले दोन महिने तो मिलच्या फाटकावर जाऊन येत होता. फाटकाच्या कुलपाला गंज चढला होता, आत कामगारांची कुणालाच निकड उरली नव्हती, हे त्यानं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि कुणापाशी बोलला नव्हता.

"नाय मिटाचो, वैनी," तो म्हणाला. "मिल आता आपल्याक परत बोलवची नाय. महादेवाक घेऊन गावाक जावा. पुढच्या पेरणीची तयारी करा."

मंजुळा रडली नाही. तिनं वाद घातला नाही, रेडिओ विचारला नाही. पावसावर विश्वास ठेवायला तिला उशीर झाला होता. यावर मात्र तिनं तिथल्या तिथं ठेवला. ती वळली, दोन पावलं गेली आणि पुन्हा मागे आली.

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "ह्यां मात्र फळ्यार लिवू नकात."

भिवानं मान डोलावली. मग खडू उचलून तो नाक्यावर गेला आणि रोजच्या देखण्या अक्षरात त्यानं लिहिलं, 'संप चालू आहे. एकजूट राखा.'