काकूंचा खोकला आणि डोंगरातला गोरिला

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. कापसाचं काम करणाऱ्याचा असा वारा म्हणजे उभा वैरी. दार उघडं ठेवावं तर पिंजलेला कापूस रस्त्यावर पळतो, लावून घ्यावं तर आत जीव कोंडतो. गादीवाल्या काकूंनी मधला मार्ग काढला होता. दाराची एकच फळी उघडी, तिच्यावर ओला पडदा. आत यंत्र घरघरत होतं, त्याच्या तोंडातून कापूस फुगून बाहेर येत होता आणि काकू खोकत होत्या.

हा खोकला त्यांच्या जुन्या ओळखीचा. नवरा गेला आणि मागं दुकान ठेवून गेला, त्या दुकानाबरोबर हाही आला. शेजारचा कुलूपवाला म्हणायचा, "काकू आल्यात का ते बघायला दुकानापर्यंत यावं लागत नाही. कोपऱ्यावरून ऐकू येतं." काकू हसायच्या. सुताराच्या अंगावर भुसा, तसा आपल्या छातीत कापूस, त्यात काय एवढं!

पण आज प्रत्येक ढासेसरशी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. आदल्या संध्याकाळी लेकीनं ठरलेल्या परदेशी सहलीच्या सूचना मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या. गोरिला बघायला जाणाऱ्याला सर्दी, ताप, खोकला असेल तर त्याला डोंगराच्या पायथ्यावरूनच परत पाठवतात.

"का बरं? मी काय त्याच्या ताटात जेवणार आहे का?" काकूंनी विचारलं होतं.

"आई, आपले रोग त्यांना लागतात. आपल्याला नुसतं पडसं होतं, त्यांचा त्यात जीवही जातो. म्हणून लांब उभं राहायचं, तोंडाला पट्टी बांधायची. आणि खोकणारा माणूस तर वर न्यायचाच नाही."

तेव्हापासून काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

गोरिलाचं हे खूळ डोक्यात शिरलं ते एका गिऱ्हाइकाच्या घरी. सोफ्याची बसलेली बैठक भरायला गेल्या होत्या, समोर टीव्ही चालू होता. पडद्यावर एक गोरिलीण, पाठीवर पोर, संध्याकाळ झाली तशी झाडीत बसली. तिनं फांद्या ओढल्या, मोडल्या, आपल्याभोवती वाकवल्या. त्यावर पाला टाकला आणि बसल्या बसल्या गोल फिरत हातानं कडा दाबत गेली. काकूंच्या हातातली सुई थांबली.

"अगं बाई, कडा आधी दाबते ही!"

घरमालकीण म्हणाली, "काकू, सोफा."

"थांबा हो. मधे खोलगा ठेवतेय का बघू द्या."

आणि पडद्यावर सकाळ झाली तशी गोरिलीण उठून चालती झाली. अंथरूण तिथंच टाकलं. दुसऱ्या संध्याकाळी दुसरीकडं नवं! काकूंना रात्रभर तेच दिसत राहिलं. आपलं गिऱ्हाईक एका गादीवर म्हातारं होतं, पार गोळे झाले तरी हलत नाही, आणि ही बया रोज ताजी गादी घालते. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. खर्चाचं जमलं, त्यात नवल नव्हतं. आयुष्यात स्वतःवर म्हणून त्यांनी खर्चच केला नव्हता. लेकीनं परवाना, तिकिटं सगळं केलं. कुलूपवाला तेवढा चिडवायचा, "काकू, त्याचं माप घेऊन या. मोठं गिऱ्हाईक आहे."

आता घोडं खोकल्यावर अडलं होतं.

डॉक्टरांनी छाती तपासली. रोग काही नाही, म्हणाले, सगळा कापसाच्या धुळीचा प्रताप. निघेपर्यंत कापसापासून लांब राहा, बसेल आपोआप. लेकीनं त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि आईला गावाच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या मावशीकडं, म्हणजे काकूंच्या ताईकडं, नेऊन सोडलं.

ताईचं घर म्हणजे पुसून ठेवलेली काच. खोकला खरंच उतरू लागला. आधी दिवसाचा गेला, मग पहाटेचा. पण खोकला बसला आणि काकू उठल्या! त्यांना जागेवर बसवेना. खिडकीपाशी जायच्या, स्वयंपाकघरात जायच्या, झाकणं उघडून परत लावायच्या. डोंगर चढायचा म्हणून जिना वरखाली करायच्या. भावजी बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. ते पेपराआडून म्हणाले, "अहो, बसा जरा. मला गाडी चुकल्यासारखं वाटतंय."

"हाताला काम नाही हो, भावजी. रिकामे हात शिवशिवतात."

"मग माझे पाय चेपून द्या."

"तुमचे पाय तुमच्या बायकोला लखलाभ!"

भावजींना त्या आठवड्यात पडसं झालं होतं. ते रुमालात शिंकायचे आणि काकू दुसऱ्या खोलीत पळायच्या. जेवायलासुद्धा वेगळ्या बसायच्या. इतकी काळजी घेणारी बाई घसरली ती भलत्याच ठिकाणी.

ताईनं त्यांना झोपायला जी गादी दिली होती, तिच्यात उजव्या अंगाला एक गाठ होती. पहिल्या रात्री काकूंनी ती सोसली. दुसऱ्या रात्री तिच्यावर मूठ आपटून बघितली. पुढं पुढं डोळा लागला की गाठ बरगडीत शिरायची आणि काकू अंधारात बोटांनी तिचा ठाव घेत पडून राहायच्या. निघायचा दिवस तोंडावर आला होता. ताई बाजारात गेली, भावजी डुलकी घेत होते. काकूंनी गादी गच्चीवर ओढत नेली. मनाशी म्हणाल्या, एक टाका उसवते, गाठ तेवढी काढते, परत शिवते.

एक टाका कधी एक राहतो का? आतला कापूस जुनाट, काळपट, गोळ्यांचा. कुणी नवशिक्यानं भरलेला. ते बघून काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी अख्खी कड उसवली, कापूस ओढून काढला आणि काठीनं झोडायला बसल्या. वारा होताच. ताई परत आली तेव्हा गच्चीवर धुळीचा लोट होता आणि त्यातून तो जुना खोकला येत होता, सव्याज.

"काय केलंस हे?" ताई दारातच उभी. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा! परवा निघायचंय ना तुला?"

काकूंनी काठी खाली टाकली. ढास थांबतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी खोकला तसाच, शिवाय नाक वाहायला लागलं आणि अंग कणकणलं. लेक धावत आली. ती आईवर ओरडली नाही, याचंच काकूंना वाईट वाटलं.

"आपण डॉक्टरांकडून लिहून घेऊ, की हा धुळीचा खोकला आहे म्हणून," लेक म्हणाली. "गोळी घे. पट्टी असणारच तोंडाला."

भावजी आतून शिंकले.

काकूंनी त्या शिंकेच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाल्या, "धुळीचा असता तर कणकण कशाला आली असती? हे धुळीचं का भावजींचं, तूच सांग."

"नक्की कुणाला सांगता येणार, आई?"

"मलाही येत नाही. त्या गोरिलिणीच्या पाठीवर पोर होतं गं." काकूंनी नाक पुसलं. "फोन लाव त्या सहलवाल्यांना. नाही जमत म्हणून सांग."

"तारीख पुढं मिळेल की नाही, माहीत नाही. पैसेही बुडतील कदाचित."

"लाव म्हटलं ना."

लेक फोन घेऊन जिन्यात गेली. तिचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. पुढच्या वर्षी जागा झाली तर कळवतो, असं काहीतरी. काकू चार पावलं जिन्याकडं गेल्या, परत फिरल्या, परत गेल्या. ताई कपाळाला हात लावून बसली होती.

"मी तरी ती गादी कशाला दिली तुला!" ती म्हणाली.

"गादी वाईटच होती," काकू म्हणाल्या. "पण आता ती उघडी पडलीय. वाऱ्यानं निम्मा कापूस शेजाऱ्याकडं जाईल."

त्यांनी नाकातोंडाला फडकं घट्ट बांधलं आणि गच्चीवर गेल्या. कापूस खोळीत सारखा पसरला, चारी कोपरे चाचपले, दाभणात दोरा ओवला. वाऱ्यानं खोळीची कड उडत होती.

"भावजी," त्यांनी फडक्याआडून हाक मारली, "रुमाल घेऊन या आणि हे टोक धरा. तोंड तिकडं करून."