कामणदुर्गाच्या तीन पिशव्या

नंदाखाल गावातल्या आमच्या गच्चीवर उभं राहून आग्नेयेला पाहिलं, की माडांच्या शेंड्यांवरून, नालासोपाऱ्याच्या इमारतींच्याही पलीकडे, डोंगरांची एक निळसर रांग दिसते. तिथलाच एक माथा म्हणजे कामणदुर्ग. बावन्न वर्षं मी तो नुसता पाहिला. चढायची ती ताई.

ताई शाळेत भूगोल शिकवायची. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, दर ऋतूत एकदा ती गडावर जायची आणि त्या दिवशी आई गच्चीवर आपलं लाल पातळ वाळत घालायची. ताई परतली की आई विचारायची, दिसलं का गं? दिसलं, ताई म्हणायची. मी ग्रंथपाल माणूस. नकाशावर पट्टी ठेवून मी ताईला दाखवून दिलं होतं, की एवढ्या लांबून पातळ दिसणं शक्य नाही. "तू कधी चढलायस?" एवढंच तिचं उत्तर.

गेल्या वैशाखात ताई गेली. तिच्या खोलीत खुंटीला तीन पिशव्या लटकत राहिल्या, एकेका ऋतूच्या सामानाची एकेक. त्यांना हात लावायचा मला धीर झाला नाही. आषाढात मी आईला म्हटलं, गडावर जाऊन येतो. वर्ष व्हायच्या आत कसली सहल, असं चुलत्यांकडे बोलणं झालं. आई म्हणाली, वर पोचलास तर बघ, दिसतं का ते. मला खरं काय ते पाहायचं होतं, आणि पाहीन ते आईला जसंच्या तसं सांगायचं होतं.

पहाटे स्कूटर काढली. आचोळ्याच्या इमारती अजून झोपेत होत्या. महामार्ग ओलांडून कामणच्या बाजूला वळलो आणि एकदम दोन्हीकडे भातखाचरं, वर ढगांत बुडालेला डोंगर. छातीत धडधड सुरू झाली. परीक्षेच्या सकाळी व्हायची तशी, पण आनंदाची.

पायथ्याच्या पाड्यावर बारकू भेटला. भातशेती करतो, वयाने माझ्याएवढाच. ताईला गडावर नेणारा तोच. त्याने आधी माझे चामड्याचे बूट पाहिले, मग जीन्स, मग जाडजूड रेनकोट.

"मास्तर, लग्नाला चाललाव का?"

मी मास्तर नाही, पण बाईंचा भाऊ म्हणजे मास्तरच, असा त्याचा हिशेब. तासाभरात त्याचं म्हणणं पटलं. रेनकोटच्या आत घामाने मी पावसापेक्षा जास्त भिजलो. ओली जीन्स पायांना ओढत होती. टिपणं काढायला घेतलेल्या वहीचा पिशवीतच लगदा झाला. पण काय तो डोंगर! प्रत्येक घळीतून पाणी उड्या मारत येत होतं, दगडादगडावर शेवाळ, पायाखालून खेकडे तिरके पळत होते. शेवाळावर बूट तिसऱ्यांदा घसरला तेव्हा बारकूने माझा दंड धरला आणि मला खाली वळवलं. वर धुकंच आहे, बघायचं ते काही दिसणार नाही, असं तो समजुतीने म्हणाला. घरी माझ्या पँटकडे पाहूनच आईला कळलं.

डिसेंबरात पुन्हा गेलो. या वेळी मी शहाणा झालो होतो. खाचा असलेल्या तळव्यांचे कापडी बूट, सुटसुटीत पँट. थंडी म्हणून मात्र लोकरी स्वेटर आणि कानटोपी. पहाटे स्कूटरवर दोन्ही फार गोड वाटली. नऊ वाजता ऊन तापलं आणि वाट कमरेइतक्या वाळक्या गवतात शिरली. गवताची कुसळं (टोकदार बिया) स्वेटरमध्ये अशी घुसली, की अंगावर साळिंदर घेऊन चालल्यासारखं वाटू लागलं. बारकूच्या अंगात साधा सुती सदरा. त्याला एक कुसळ लागलं नव्हतं.

अर्ध्या चढावर तो थांबला.

"पानी किती आनलाय?"

मी बाटली दाखवली. एकच, आणि तीही निम्मी झालेली.

"हे गडावर न्यायला, का तुलशीला घालायला?"

आम्ही वाडीची माणसं. दहा पावलांवर विहीर, नाहीतर बावखल (वाडीतलं तळं). पलीकडच्या वाडीत गेलं तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. पाणी बरोबर न्यायचं असतं, हे वाचून मला माहीत होतं. हाताला ती सवयच नव्हती. माथ्यावरच्या टाक्यांतलं पाणी या दिवसांत पिण्यासारखं असेलच असं नाही, असं बारकू म्हणाला, आणि आम्ही पुन्हा उतरलो. उतरताना वाटेतल्या एका खडकाजवळ त्याने दगड बाजूला केला. आत मोकळी खबदड. बाई चढताना इथे एक भरलेली बाटली ठेवून जायच्या, उतरताना काढायच्या.

"बाईच्या पिशव्या हायत ना घरी?" त्याने विचारलं. "मंग त्या कोनासाठी ठेवल्यात?"

फाल्गुनात मी उन्हाळी पिशवी खुंटीवरून काढली. गाठ सोडायला वेळ लागला, सामान साधंच निघालं. चार रिकाम्या बाटल्या. मान झाकेल एवढं रुंद पांढरं कापड. मीठसाखरेची पुडी. लांब बाह्यांचा जुना सुती सदरा, तो मला बेताचा बसला. तळाला एक रिकामा डबा होता. त्यात काय असायचं ते आईला विचारावं लागलं नाही. तिने आपणहून आगाशीहून सुकेळी (राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली) मागवून, केळीच्या वाळक्या पानात बांधून त्यात ठेवली.

सूर्य उगवायच्या आधी आम्ही चढायला लागलो होतो. एक बाटली खबदडीत गेली. पानगळीने जंगल उघडं झालं होतं, डिसेंबरात गवतात हरवलेली वाट स्वच्छ दिसत होती. पांगारा लालबुंद फुलला होता. दमलो की एक सुकेळं, दोन घोट पाणी, आणि पाय आपोआप पुढे. बारकूने पिशवी हातात तोलून पाहिली आणि मान डोलावली. ती मला मोठी शाबासकी वाटली. मग शेवटचा खडा चढ आला, हात टेकून तो पार केला आणि वर आणखी डोंगर उरलाच नाही.

मी माथ्यावर होतो. खाली खाडी चकाकत होती, तिच्या काठाला मिठागरांचे चौकोन. मग वसईपासून विरारपर्यंत इमारतीच इमारती. त्यांच्यामागे बोटभर रुंदीची गर्द हिरवी रेघ, आणि मग समुद्र. त्या रेघेत आमची वाडी कुठेतरी होती. गच्ची नव्हती, घर नव्हतं, लाल तर कुठेच नव्हतं. पट्टी खरी ठरली होती. मी तरीही बराच वेळ पाहत बसलो.

"बाईपन अशाच बघत बसायच्या," बारकू म्हणाला. "मंग बोलायच्या, चल, झालं."

उतरताना खबदडीतली बाटली काढली. पाणी अजून गार होतं.

दुपारी घरी पोचलो. आई ओटीवर जेवणासाठी केळीची पानं पुसत बसली होती. आमच्या घरी आम्ही वाडवळी बोली बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

"दिसलं?"

सगळ्या वाटेभर मी खरं उत्तर तयार करत आलो होतो.

"दिसलं," मी म्हणालो.

"लाल?"

"लाल. वाऱ्याने हलत होतं."

आईने पान खाली ठेवलं. "आज घातलंच नाही मी. सकाळपासून गुडघा धरलाय, जिना कोण चढणार?"

आई हसायला लागली. वैशाखानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. "तीही तशीच. एकदा मी मुद्दाम हिरवं घातलं, तर म्हणते कशी, लाल काय छान दिसत होतं."

"मग दर वेळी का घालत होतीस?"

"ती तिकडे चढायची," आई म्हणाली, "मी इकडे जिना चढायचे. जेवायला बस आता."

जेवताना मी तिला सगळं सांगितलं, मिठागरं, पांगारा, ती हिरवी रेघ. या वेळी काहीच बदलून सांगितलं नाही. रेघेपाशी आईने मला थांबवलं आणि ती किती रुंद दिसते ते बोटावर दाखवायला लावलं. मग स्वतःचं बोट तेवढंच धरून ती बराच वेळ पाहत राहिली.

पावसाळी पिशवी मी त्याच संध्याकाळी उघडली. आत मेणकापड आहे, सुतळी आहे आणि शेवाळावर चालायचे रबरी तळव्यांचे बूट. ते ताईच्या मापाचे आहेत. माझ्या मापाचे उद्याच घेणार आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी ते पायांना सरावलेले हवेत.