माशांच्या पाण्यातला पालक

ज्या हिवाळ्यात मी आमच्या गच्चीवर पालक लावला, त्याच्या थोडं आधी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वर्तकनगरमधली आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. रस्त्यावर जायचं तर आईला सगळे जिने उतरावे लागायचे. गच्चीवर जायचं तर एकच चढायचा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. आई म्हणाली, नुसती येरझाऱ्या घालायला मी काय पहारेकरी आहे? हाताला काही काम दे.

घटस्फोटानंतर मी आईकडेच राहते. एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नोकरी करते. लहानपणी आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो, तिथे आई तेलाच्या रिकाम्या डब्यांत मेथी लावायची. गच्चीवर तसंच काहीतरी करावं असं मला वाटलं, पण एवढ्या जिन्यांवरून मातीच्या गोण्या कोण चढवणार? मग मोबाइलवर मी माशांच्या पाण्यावर भाजी पिकवणारी माणसं बघितली. टाकीत मासे ठेवायचे. त्यांच्या घाणीने पाण्यात अमोनिया साठतो. ते पाणी छोट्या पंपाने खडी भरलेल्या ट्रेमध्ये सोडायचं. खडीवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं खत करतात, भाजी ते ओढून घेते आणि निवळलेलं पाणी परत टाकीत उतरतं. अमोनिया मोजणं तर माझं रोजचंच काम. मला ते एकदम पटलं.

खडवलीजवळ एक जण मत्स्यशेती करतो. त्याच्याकडून मी चिलापी माशांची पिल्लं आणली, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. आणि पहिल्याच खेपेला बहुतेक सगळी मेली. जिवाणू खडीवर धरायला काही आठवडे जावे लागतात हे मला माहीत होतं, तरी मला दम निघाला नाही. पाणी दुधासारखं झालं. आईने मेलेले मासे गाळणीने काढले आणि म्हणाली, तू एवढी शिकलेली, पण दही लागेपर्यंत तरी थांबतेस ना? दुसऱ्या खेपेला मी थांबले.

दिवाळी उलटून हवा जरा सुकी झाली तेव्हा पालक लावला, नवलकोल लावला, मुळा मात्र दोन गोण्यांतल्या मातीत, कारण खडीत तो वाकडा होतो. ठाण्यातली थंडी ती काय, पहाटे पंखा बंद करावासा वाटला की आली. पण पालकाला तेवढी पुरली. तळहाताएवढी पानं आली. आई सकाळी उन्हात स्टूल टाकून बसायची, माशांना खाणं टाकायची, कडेची जुनी पानं खुडायची. गुडघा वाकायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, कुठला व्यायाम करता? आई म्हणाली, भाजी करते.

एवढा पालक आम्हा दोघींना कुठला संपणार? मी जुड्या बांधून शेजाऱ्यांना दिल्या. समोरच्या दारातल्या काकूंनी हसून घेतली. दुसऱ्या दिवशी ती जुडी आमच्या दाराबाहेर, चपलांशेजारी, कोमेजून पडलेली. मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, तसं काही नाही गं, पण आमच्याकडे मासे चालत नाहीत ना. मी म्हटलं, हा पालक आहे. त्या म्हणाल्या, हो, पण त्या पाण्यातला.

पुढच्या आठवड्यात सोसायटीची नोटीस आली. टाकीने स्लॅबवर भार पडतो, डास होतात, वास येतो. मी ओळखीच्या एका इंजिनिअरला बोलावून गच्ची दाखवली. टाकी बीमवर होती, काही धोका नाही असं त्याने लिहून दिलं. डासांच्या अळ्या मासे खातात, हे तर कुणीही टाकीत वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं. त्याच गच्चीवर कुणाचा तरी मोडका सोफा होता, गंजलेली व्यायामाची सायकल होती, फुटक्या फरशांचा ढीग होता. त्यांना नोटीस नव्हती.

रविवारी सकाळी गच्चीवरच सभा भरली. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, बोलायला सौम्य. मी भाराचा कागद दाखवला, डासांचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मुद्दा तो नाहीच. काही कुटुंबांच्या भावना आहेत. पाण्याची मोठी टाकी इथंच आहे. शेजारी हे असलं घाण पाणी बरं दिसत नाही."

मी काही बोलणार तोच आई स्टुलावरून उठली. काठी तिने तिथेच भिंतीला लावून ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "माझ्या गावाला विहिरीवर आम्हाला पाणी शेंदू द्यायचे नाहीत. वरनं ओतायचे. आमचा हात लागला की पाणी बाटतं म्हणायचे. मी पोरगी होते, मला वाटायचं खरंच काहीतरी होत असेल पाण्याला. आता माझी लेक रोज पाणी तपासते. तुम्हाला खायचं नाही तर खाऊ नका, माझी जबरदस्ती नाही. पण घाण म्हणू नका."

मग ती खडीच्या ट्रेपाशी गेली, एक नवलकोल मुळासकट उपटला, त्याच पाण्यात धुतला, चाकूने सोलला आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या कच्चा खाल्ला. सावकाश, शेवटच्या फोडीपर्यंत. तिला चावायला वेळ लागत होता. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी माशांकडे बघत राहिले.

त्यानंतर सगळे बदलले, असं काही झालं नाही. मतदान झालं आणि आम्ही हरलो. महिनाअखेरपर्यंत टाकी हलवा, असं ठरलं.

खाली येताना मी आईला म्हटलं, जाऊ दे, मासे खडवलीला परत देऊन येते. आई जिन्यात थांबली. "गच्ची त्यांची असंल," ती म्हणाली. "घर कुणाचं आहे?"

आम्ही हॉलमधला सोफा माजिवड्याला माझ्या मैत्रिणीकडे पाठवला आणि त्या जागी मासे आणले, जरा लहान टाकीत. गॅलरीच्या ग्रिलला उभे पाइप बांधले, त्यांना भोकं पाडून पालक आणि सॅलडची पानं लावली. गॅलरी पश्चिमेची, थंडीत दुपारचं ऊन नीट येतं. गच्चीवरची मोठी टाकी उतरवायला दुसऱ्या मजल्यावरचा कोकणातला गृहस्थ आला. सभेत त्याने आमच्या बाजूने हात वर केला नव्हता. त्याने टाकीचं एक टोक धरलं, मी दुसरं. जाताना त्याने मुळ्याच्या दोन गोण्या मागितल्या, त्यांना गच्चीवर बंदी नव्हती म्हणून. मी दिल्या.

आता आमच्याकडे येणारे पाहुणे चटईवर बसतात आणि मासे बघतात. पंपाची घरघर दिवसभर चालू असते. खालच्या मजल्यावरून त्याबद्दलही तक्रार आली. मी पंपाखाली रबराचा तुकडा ठेवला आणि पंप चालू ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात मासे हाताएवढे झाले तेव्हा आईने त्यातले दोन तळायला घेतले. गुरुवार होता, मार्गशीर्षातला. समोरच्या दारातून घंटीचा आवाज येत होता. मी उठून आमचं दार लोटायला गेले.

"कशाला लावतेस?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "धूर कोंडतो."

मी दार तसंच उघडं ठेवलं. आम्ही चटईवर बसून भाकरी, तळलेले मासे आणि लसणाच्या फोडणीचा पालक खाल्ला. समोरचं दार थोड्या वेळाने बंद झालं. आमचं नाही.

काकूंशी बोलणं आहे, जिन्यात भेटलो की आईच्या गुडघ्याची चौकशी करतात. भाजी मी त्यांना पुन्हा दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. यंदा गॅलरीत फ्लॉवर लावलाय. ठाण्याच्या हवेत तो गड्डा धरत नाही असं सगळेच सांगतात. तरी लावलाय.