इन्शुलर व्याही

माझ्या मुलीने मला आयुष्यात एकदाच शिवी दिली. ती इंग्रजीत दिली आणि तीही चुकीची दिली.

प्रकरण तिच्या लग्नाचं. गौरीने पसंत केलेला मुलगा सोन्यासारखा, पण घर दिवाडी बेटावर. म्हणजे आमच्या डिचोलीहून नार्व्याला जायचं आणि फेरीबोटीत बसायचं. (मला पाण्याची भीती वाटत नाही. ते खोल असलं तरच वाटते.) मी जाहीर केलं, "नदीपलीकडे मुलगी द्यायची नाही."

"आनी माका पार्सेतून हाडली तेन्ना वाटेर न्हंय नासली?" बायकोने विचारलं.

"ती नदी ओलांडून आणणं होतं. हे देणं आहे."

"पपा, तुमी बिगटेड," गौरी म्हणाली.

त्याच दिवशी मुलाकडची माणसं बोलणी करायला यायची होती. शहाणा बाप गप्प बसला असता. पण मी निवृत्त इंग्रजी मास्तर. आरोप मान्य, शब्द अमान्य.

"बिगटेड कसा? त्याला दुसऱ्यांचा द्वेष लागतो. नॅरो-माइंडेड म्हण, पण तो शब्द ढोबळ, कुणालाही बसतो. आपल्या गावापलीकडे ज्याला जग दिसत नाही, तो पॅरोकियल."

बोलता बोलता मीच भारावून गेलो. काय ही भाषा! आपण एका 'कोत्या मनाचा'वर संसार भागवतो, आणि इंग्रजांनी कोतेपणाचं अख्खं दुकान मांडलंय. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला.

"आणि सगळ्यात सुंदर शब्द इन्शुलर. मूळ अर्थ बेटावरचा. चहूकडे पाणी, बाहेरचं वारं नको, बाहेरचा माणूस नको. म्हणजे कोण? तुझे दिवाडकर."

गौरी पांढरीफटक. ती माझ्या मागे बघत होती. दारात होणारे व्याही उभे, काखेत फणस, शेजारी विहीणबाई.

"खंयचो शब्द म्हणालात, मास्तर?"

मुलीचं लग्न माझ्या जिभेवर लटकत होतं. "इन्शुलर," मी म्हणालो. "म्हणजे… बेटावरचे."

"आयकलें गो? आमी इन्शुलर," ते खूश होऊन विहीणबाईंना म्हणाले. मग फणस खाली ठेवून बसले. "मास्तर, तुमी फेरीक भियेतात अशें गौरीन सांगलें. म्हणून आमीच आयले. लग्न हांगाच करुंया, तुमच्या डिचोलेंत."

माझ्या भीतीसाठी ही माणसं नदी ओलांडून आली होती. मी होकारासाठी अचूक इंग्रजी शब्द शोधू लागलो.

"'यस' म्हणा," बायको कुजबुजली. "ताका दुसरो शब्द नाका."

लग्नानंतर मुलीला भेटायला मी फेरीबोटीत बसलो. डोळे मिटून, पण बसलो. पलीकडे व्याही चार शेजाऱ्यांना घेऊन उभे होते. त्यांनी मला हाताला धरून उतरवलं आणि सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, "हे आमचे व्याही. आतां हे सुद्दां इन्शुलर."

जन्मभर इंग्रजी शिकवली, पण इतका अचूक वाक्यात उपयोग माझ्या वर्गात कधी कुणी केला नव्हता.